साबण, चार खेपा आणि पाड्यावरची कुत्री
(संस्थेच्या हितचिंतकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'पाड्यांवरील आरोग्यकार्य' असे छापले आहे. आजवर या विषयाखाली मी क्षयरोग, बाळंतपण, मुलांचे वजन याविषयी बोलत आले. आज मी कुत्र्यांविषयी बोलणार आहे. आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांनी मोकळेपणाने विचारले, "ताई, आम्ही वर्गणी देतो ती आदिवासी लेकरांसाठी. त्यातून कुत्र्यांना लस कशाला?" प्रश्न रास्त आहे. देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क आहे, म्हणून आजचे सगळे बोलणे हा त्या प्रश्नाचा हिशेबच आहे असे समजा.

आधी आजाराविषयी. रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो. तिथून तो रक्तातून पळत नाही, मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातावर चावा असेल तर वाट जवळची असते. मुले उंचीने लहान, म्हणून त्यांना चावा वरच्या अंगाला बसतो आणि वेळ कमी मिळतो. एकदा का माणूस पाण्याला घाबरू लागला, वाऱ्याच्या झुळकेने दचकू लागला, की मग जवळजवळ कोणीही वाचत नाही. आज जगातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात या अवस्थेवर खात्रीचा इलाज नाही.

पण याच आजाराची दुसरी बाजूही आहे. चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत देवाने आपल्याला जो अवधी दिला आहे, त्यात योग्य उपचार झाले तर हा मृत्यू टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस दिली आणि तो जगला. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले. त्यांच्या आठवणीत २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. लस येऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दर वर्षी जगात सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात आणि त्यांत दहांतली चार पंधरा वर्षांखालची मुले असतात. भारतासाठी वर्षानुवर्षे वीस हजारांच्या आसपासचा आकडा सांगितला जाई. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२२-२३ मधल्या पाहणीने तो सुमारे ५,७०० वर आणला. आकडा खाली आला ही आनंदाची गोष्ट आहे. पण जो मृत्यू एकही व्हायला नको, तो एवढ्या घरांत होतो आहे.

त्याच पाहणीतली आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते. कुत्रा चावलेल्या पाच जणांपैकी एकाने लस घेतलीच नव्हती, आणि ज्यांनी सुरू केली त्यांच्यातल्याही जवळपास निम्म्या लोकांनी ती पूर्ण केली नव्हती. लस आहे, सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ती मोफत मिळते, तरी माणूस अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. असे का होते, ते पाड्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला नवापाडा, चिंचपाडा, रावणपाडा किंवा आरेतला केलटीपाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा डोळ्यांसमोर आणा. वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबे इथे पिढ्यानपिढ्या राहतात. पलीकडे गोरेगाव, अंधेरी, मुलुंडचे वीसवीस मजली दिवे दिसतात. रुग्णालय नकाशावर जवळ आहे, पण पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत चालत यायचे, मग रिक्षा, मग रांग, मग केस पेपर. घरातली बाई धुणीभांडी किंवा भाजीविक्री करणारी. एक खेप म्हणजे तिचा एक दिवसाचा रोज बुडाला. अशा खेपा एक नव्हे, चार.

चार का, तेही समजून घेऊ. आपल्यातल्या थोरांना पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने आठवत असतील. ती जुनी लस जनावराच्या मेंदूपासून बनवत, तिचा त्रासही फार होई. २००४ च्या अखेरीस भारताने ती बंद केली. आताची लस दंडाला देतात आणि ती लहान बाळाला, गरोदर बाईलाही चालते. २००६ पासून आपल्याकडे ती कातडीत देण्याची पद्धतही मान्य आहे. यात पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दर वेळी दोन ठिकाणी एक दशांश मिलिलिटर, म्हणजे चारही खेपा मिळून एका मिलिलिटरपेक्षाही कमी लस लागते. स्नायूत द्यायची तर पाच खेपा आणि पाच बाटल्या. एकाला लागणाऱ्या लसीत चार-पाच जणांचे होते, ही या पद्धतीची किमया. मात्र उघडलेली बाटली थंड ठेवून काही तासांतच संपवावी लागते. त्यामुळे जिथे एका दिवसात बरेच रुग्ण येतात अशा मोठ्या रुग्णालयातच ती परवडते. बचतीसाठीच रुग्णाला लांब जावे लागते. दवाखान्याचा खर्च वाचतो आणि तो पाड्यावरच्या आईच्या पदरात पडतो.

आमच्या ओळखीच्या एका आजींनी नातवाला तिसऱ्या खेपेला नेले, तेव्हा एका दवाखान्यात लस संपली होती. "उद्या या" म्हणाले. आजी मला म्हणाल्या, "उद्या म्हंजी परत रिक्षा. पोर तर बरा खेळतो." पोर खेळतो हे खरेच होते, कारण रेबीजमध्ये लक्षणे दिसेपर्यंत पोर खेळतेच. त्या आजींना दोष कोण देणार? त्यांच्या सुनेला दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यकर्तीने सोबत नेले, चौथ्या खेपेचा दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल पेनाने गोल केला, आणि काम पूर्ण झाले. यात लागले काय? रिक्षाभाडे, एक सकाळ आणि कोणीतरी आठवण ठेवणे.

मला इथे शोमरोनी माणसाचा दाखला आठवतो. आपण त्याच्या दयेविषयी पुष्कळ ऐकले आहे, पण त्याच्या कामाची पद्धत पाहा. त्याने आधी जखमेकडे लक्ष दिले. मग त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, म्हणजे वाहनाची सोय केली. खर्चाचे पैसे दिले. आणि जाताना सांगितले की मी परत येईन, जास्त लागले तर तेव्हा भरीन. पहिल्या खेपेची दया पुष्कळांकडे असते. परत येण्याचे वचन पाळणारी दया कमी असते, आणि रेबीजमध्ये जीव वाचतो तो त्या परत येण्याने.

जखमेचेच बोलायचे तर सर्वांत स्वस्त औषध आपल्या घरातच आहे. कुत्रा, मांजर किंवा माकड चावले, नख लागले, तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवायची. या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबणाने ते मोडते. कपड्याचा साबणही चालतो. हळद, चुना, मिरची, तेल, तंबाखू काहीही लावायचे नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही, उतारा काढायला थांबायचे नाही. उद्यानात माकडे पुष्कळ आहेत. माकडाच्या ओरखड्याकडेही दुर्लक्ष करू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. रक्त निघाले असेल, खोल जखम असेल, तर लसीसोबत तयार प्रतिद्रव्याचे औषध जखमेभोवती टोचावे लागते. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. लसीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस लागतात, तोपर्यंत हे औषध राखण करते. "याला ते लागेल का?" एवढे डॉक्टरांना विचारायला आपण पाड्यावरच्या प्रत्येक आईला शिकवले पाहिजे.

हे औषध महाग आणि दुर्मीळ. हिमाचल प्रदेशातले डॉक्टर ओमेश भारती यांनी दाखवून दिले की ते वजनाप्रमाणे भरपूर न देता फक्त जखमेत आणि जखमेभोवती दिले तरी पुरते, आणि थोड्या औषधात कितीतरी रुग्ण होतात. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जखमेपुरतेच औषध देण्याची पद्धत मान्य केली. २०१९ मध्ये डॉ. भारतींना पद्मश्री मिळाली. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने याच कामासाठी प्रयोगशाळेत तयार होणारे प्रतिद्रव्य बाजारात आणले आहे. गरिबांसाठी स्वस्तात उत्तम काम करता येते, याची ही उदाहरणे आपल्याच देशातली आहेत.

इथपर्यंत आपण माणसाला चावल्यानंतरचे बोललो. आता कुत्र्यांकडे वळू, कारण माणसाच्या रेबीजच्या शंभरातल्या नव्याण्णव घटना कुत्र्यामुळे होतात. घरात पाणी तुंबत असेल तर आपण किती वेळ पुसत बसणार? कधीतरी नळ बंद करावाच लागतो. जगभरचा अनुभव असा, की एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस दिली की विषाणूला पुढचा कुत्रा सापडत नाही आणि साखळी तुटते. सगळी शंभर पकडावी लागत नाहीत. मात्र कुत्र्यांत जन्म-मृत्यू वेगाने होतात, नवी पिल्ले येत राहतात, म्हणून हे काम दर वर्षी करावे लागते. एका कुत्र्याच्या लसीची किंमत आणि एका माणसाच्या संपूर्ण उपचाराची किंमत शेजारी ठेवली, तर वर्गणीचा पैसा कुठे जास्त फळ देतो ते सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

आपला शेजारी गोवा याचा पुरावा आहे. तिथे २०१३-१४ पासून राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने मिळून काम सुरू केले. पथके हातात जाळी घेऊन गल्लोगल्ली जात, कुत्र्याला पकडून लस देत, रंगाची खूण करत आणि तिथेच सोडत. कोणत्या गल्लीत किती झाले हे मोबाइलवर नोंदत. शाळाशाळांतून मुलांना शिकवत, आणि संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी फोन ठेवला. सत्तर टक्क्यांचे उद्दिष्ट गाठल्यावर कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी कमी झाला. २०१७ नंतर सलग काही वर्षे तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही, आणि २०२१ मध्ये गोवा सरकारने तसे जाहीर केले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा मार्ग खर्चाच्या मानाने अतिशय फायद्याचा ठरला. त्याच धर्तीवर केंद्र सरकारने २८ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचा, असे त्याचे ध्येय आहे. मुंबई महानगरपालिकाही लसीकरणाच्या मोहिमा घेते आहे. २०१४ च्या गणनेत मुंबईत ९५,१७२ भटकी कुत्री होती, यावरून कामाचा आवाका कळावा.

काही जण म्हणतात, मारून टाका, कटकट नको. मुंबईने तो मार्ग फार पूर्वी चालून पाहिला आहे. १८३२ साली इंग्रजांनी कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा पारशी बांधव रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. पुढेही दीर्घकाळ कुत्री मारली जातच होती, तरी ना कुत्री संपली ना रेबीज. कारण सोपे आहे. जितका उकिरडा, तितकी कुत्री. ओळखीची कुत्री गेली की रिकाम्या जागेत बाहेरची, बिनलसीची येतात. आज कायदाही निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्याला त्याच्या जागी सोडा असे सांगतो. २००१ चे नियम होते, २०२३ मध्ये नवे आले.

आणि पाड्यावरचा कुत्रा भटका नसतो हेही लक्षात घ्या. तो घराचा असतो. त्याला नाव असते, रात्री तो अंगणात झोपतो आणि बिबट्या आला की आधी तोच भुंकतो. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, हे पवित्र शास्त्रातले शहाणपण पाड्यावरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. तो लसीच्या शिबिरात कुत्र्याला दोरी बांधून स्वतः घेऊन येतो. शहरात ज्यासाठी जाळी लागते, ते पाड्यावर एका हाकेत होते. म्हणूनच इथे सत्तर टक्के गाठणे आपल्यासारख्या लहान संस्थेच्याही आवाक्यात आहे.

आता तिसरी कडी, निसर्गाची. हल्ली 'वन हेल्थ' म्हणजे 'एक आरोग्य' असा शब्द ऐकू येतो. माणूस, जनावर आणि रान यांचे आरोग्य एकमेकांत गुंफलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. एक उदाहरण गिधाडांचे. गुरांना वेदना कमी करण्यासाठी डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत. अशी गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडे मेली, काही वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली. मेलेली जनावरे पडून राहू लागली, ती कुत्र्यांनी खाल्ली, कुत्री वाढली. १९९२ ते २००६ या काळात त्यामुळे देशात रेबीजचे सुमारे ४८,००० जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २००८ मध्ये मांडला गेला. औषध गाईचे, मेले गिधाड, आणि रडले माणसाचे घर. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

दुसरे उदाहरण आपल्या दारातले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, आणि त्यात बिबटे राहतात. त्यांच्या आहारात सुमारे ४० टक्के भटकी कुत्री असतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला, की हे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खात असावेत, आणि त्यामुळे सुमारे हजार चावे व नव्वदच्या आसपास रेबीजच्या घटना टळत असाव्यात. उद्यानालगत कुत्र्यांची दाटी शहराच्या इतर भागांच्या मानाने कितीतरी कमी आढळली. वर्तमानपत्रांत 'बिबट्याचे मुंबईवर उपकार' अशा अर्थाच्या बातम्या आल्या.

उपकार खरा आहे, पण त्याची किंमत कोण मोजतो ते आपण विचारले पाहिजे. फायदा साऱ्या उपनगरांना होतो. आणि संध्याकाळी अंधारात शौचाला जाणारी पाड्यावरची मुलगी, दिवा नसलेल्या वाटेने कामावरून परतणारी आई, यांच्या वाट्याला भीती येते. २००४ साली उद्यानाच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत किती माणसे गेली ते इथल्या पुष्कळांना आठवत असेल. वारली लोक वाघोबाला मानतात. आपली श्रद्धा वेगळी असली, तरी वाघाच्या शेजारी भान ठेवून राहायचे त्यांचे शहाणपण आपण आदराने शिकावे. त्यांच्या घराजवळ शौचालय आणि वाटेवर दिवा असावा, ही मागणी रेबीजच्या कामाचाच भाग आहे. कचऱ्याचेही तसेच. सोसायट्यांचे उरलेसुरले अन्न उद्यानाच्या कडेला, नाल्यात पडते. त्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, आणि तो येतो तो पाड्याच्या वाटेने.

तेव्हा मंडळींकडे माझ्या चार विनंत्या आहेत, आणि त्या मोठ्या खर्चाच्या नाहीत.

पहिली, साबण. प्रत्येक पाड्यावरच्या शाळेत आणि अंगणवाडीत हात धुण्याच्या जागी साबण कायम असावा, आणि मुलांना 'पंधरा मिनिटे' हा धडा पाठ असावा. आपल्या शब्बाथशाळांतल्या मुलांनाही तो शिकवा. कुत्रा उपनगरातही चावतो.

दुसरी, चार खेपांचा निधी. चावा बसलेल्या प्रत्येकाचे चारही खेपांचे भाडे आणि सोबतीला एक माणूस. तरुण संघातल्या ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे त्यांनी महिन्यातून एक सकाळ द्यावी. नाव, तारीख आणि पुढच्या खेपेचा दिवस वहीत लिहावा, ती वही मंडळीतल्या एका बहिणीने सांभाळावी.

तिसरी, वर्षातून एक दिवस पाड्यावर कुत्र्या-मांजरांचे लसीकरण. पालिकेचा पशुवैद्यकीय विभाग किंवा नोंदणीकृत प्राणिसंस्था यांना सोबत घेऊनच हे करायचे, लस थंड पेटीतून आणायची, लस दिलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद ठेवायची. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा यासाठी ठेवू या.

चौथी विनंती पैशाची नाही. आपण ज्या सोसायटीत राहता तिथल्या ओल्या कचऱ्याचे काय होते ते पाहा. चर्चच्या प्रीतिभोजनानंतरच्या पत्रावळी कुठे जातात तेही पाहा.

लाजराच्या गोष्टीत श्रीमंताच्या दारापाशी पडलेल्या गरिबाचे फोड कुत्री येऊन चाटत. दारातल्या माणसाकडे आतल्यांपैकी कोणीच पाहिले नाही, हे त्या गोष्टीतले मोठे दुःख. आपल्या उपनगरांच्या दारापाशीच हे पाडे आहेत. तिथल्या लेकराला कुत्रा चावला तर साबण हाताशी असावा, दवाखान्याची वाट मोकळी असावी, आणि चौथ्या खेपेलाही कोणीतरी हाक मारायला यावे. शक्यतो तो कुत्राच आधी लस घेतलेला असावा. एवढे आपल्या हातून घडो. आमेन.